नवा मासा आधी टपात

(आपल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत रंगीत मासे पाळणाऱ्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी, त्या बोलल्या तसंच, थोडं नीटनेटकं करून इथं देत आहोत.)



मला सांगितलं होतं की रंगीत माशांच्या धंद्यावर बोल. पण धंद्याचं नाव काढलं की बाया पहिल्यांदा विचारतात, "महिन्याला किती सुटतात?" ते मी चहाच्या वेळेला सांगीन, खरं खरं सांगीन. आत्ता एकाच गोष्टीवर बोलते. घरात काचेची टाकी आहे, त्यातले मासे चांगले रुळलेत, आणि तुम्हाला बाजारातनं आणखी चार मासे आणून त्यात सोडायचेत. ते कसे सोडायचे, एवढंच. कारण माझं जे नुकसान झालं ते याच ठिकाणी झालं, आणि ते माझ्या एकटीचं झालं नाही.

दोन वर्षं झाली. गटातनं 5,000 रुपये अंतर्गत कर्ज घेऊन मी सुरुवात केली होती. पडवीत दोन फुटी काचपेटी, त्यात 14 गप्पी. मागच्या अंगणात सिमेंटची टाकी, त्यात गप्पीची सव्वादोनशे पिल्लं, विकायला तयार होत आलेली. दिवाळी झाली, थंडी पडली. शहरात लग्नाला गेले होते, तिथं एका दुकानात काळ्याभोर मोली दिसल्या. मखमलीसारख्या. 20 रुपयाला एक. 12 घेतल्या. एसटीनं चार तास मांडीवर पिशवी धरून आणल्या, घरी आले, पिशवीचं तोंड सोडलं आणि पाण्यासकट टाकीत ओतल्या. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तिसऱ्या दिवशी एक मोली दगडाला अंग घासताना दिसली. मी म्हणलं, खेळतीय. चौथ्या दिवशी शेजारची ताई, आपल्याच गटातली, तिच्या पोरीसाठी गप्पी मागायला आली. मी जाळीनं सहा गप्पी काढून दिल्या. तीच जाळी घेऊन मग मागच्या टाकीत पिल्लं मोजली. पाचव्या दिवशी मोलीच्या काळ्या अंगावर बारीक पांढरे ठिपके दिसले, रव्याचे दाणे चिकटावेत तसे. दहाव्या दिवशी काचपेटीत चार मासे उरले होते. मागच्या टाकीतली पिल्लं तीसच्या आत आली. आणि शेजारच्या ताईच्या टाकीतला एकही मासा वाचला नाही. तिच्या पोरीनं त्या माशांना नावं ठेवली होती.

पुढच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर बोलली. "मासा घासत होता हे तुला दिसलं होतं ना? मग मला सांगायचंस तरी." मला उत्तर नव्हतं. दिसलं होतं. हप्ता मी भरला, मजुरीला जाऊन भरला, त्याचं काही नाही. पण ते वाक्य मला अजून आठवतं. म्हणून मी नंतर शिकले. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षणाला गेले, पुस्तकं वाचली, जुन्या पाळणाऱ्यांना फोन करकरून विचारलं. ते सगळं आज तुमच्यापुढं मांडते.

आधी हे समजून घ्या की रुळलेल्या टाकीतलं पाणी नुसतं पाणी नसतं. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसं त्या टाकीला विरजण लागलेलं असतं. माशाच्या अंगातनं, त्याच्या विष्ठेतनं, उरलेल्या खाद्यातनं अमोनिया निघतो. तो विखारी असतो. टाकीतल्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर न दिसणारे जिवाणू वाढलेले असतात, ते त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, आणि मग नायट्रेट. नायट्राइटसुद्धा माशाला वाईटच. नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते पाणी बदललं की जातं. हे जिवाणू पुरते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि ते तेवढेच वाढतात जेवढं त्यांना खायला मिळतं. दहा माशांच्या टाकीत दहा माशांपुरतेच जिवाणू. त्यात तुम्ही एकदम आणखी दहा सोडले तर? चार भाकरीच्या पिठात दहा पाहुणे. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि मासे वर येऊन तोंडानं हवा ओढायला लागतात.

म्हणून एका वेळी थोडे. दोन फुटी टाकी असेल, म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, तर ती काठोकाठ भरली तरी साधारण 56 लिटर पाणी मावतं. वाळू-दगड घातले की 45 धरा. अशा टाकीत एका खेपेला दोन-तीन लहान मासे, आणि पुढची खेप दोन आठवड्यांनी. नव्यांना सोडल्यावर आठवडाभर खाद्य निम्मं करा आणि चौथाई पाणी आठवड्यातनं दोनदा बदला. एवढ्यानं विरजण सावरतं. आणि एक चूक बऱ्याच जणी करतात: पाहुणे येणार म्हणून घर सारवावं तशी नव्या माशांसाठी टाकी घासून काढतात, स्पंज नळाखाली धुतात. मग सगळे जिवाणू गेले! स्पंज धुवायचा तर टाकीतनं काढलेल्या जुन्या पाण्यात, हलक्या हातानं दाबून.

नळाच्या पाण्याचं तर सगळ्यांना माहीतच आहे. ज्या दिवशी विहिरीत टीसीएल पावडर टाकतात त्या दिवशी चहालासुद्धा वास येतो. आपल्याला चालतं, माशाच्या कल्ल्यांना भाजतं. प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून उघडं ठेवा, 24 तास. घाई असेल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात, त्यानं क्लोरीन मरतं. पण पिंप प्लास्टिकचंच. तांब्याचा हंडा नको, पितळेची घागर नको. तांबं माशाला मानवत नाही.

आता टप. माझ्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच.

नवा मासा कितीही देखणा असो, ओळखीच्या दुकानातला असो, नाहीतर माझ्याकडनं घेतलेला असो, त्याला आधी वेगळ्या टपात ठेवायचं. तीन ते चार आठवडे. बाळंतिणीची खोली वेगळी ठेवतो तशी ही टपाची जागा वेगळी. 40 लिटरचा प्लास्टिकचा टप पुरतो, पण ज्यात कधी साबण पडलेला नाही असा. मी तर फक्त माशांसाठी एक घेऊन ठेवलाय, त्यावर खुणेला लाल दोरा बांधलाय म्हणजे घरात कुणी त्यात कपडे भिजवत नाही. त्यात बुडबुड्यांचा पंप, एक स्पंज, लपायला फुटक्या मडक्याचा तुकडा, आणि वर जाळी किंवा झाकण, कारण मोली आणि गप्पी उड्या मारतात. त्यातला स्पंज महिनाभर आधीच तुमच्या जुन्या टाकीत टाकून ठेवा, म्हणजे टपाला पहिल्या दिवसापासनं विरजण मिळतं.

इतके दिवस कशाला, असं मला नेहमी विचारतात. मासा तर चांगला दिसतोय! अहो, माझ्याही मोली चांगल्याच दिसत होत्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं कसं असतं ते सांगते. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरलेला एक सूक्ष्म जीव. पहिल्यांदा तो कल्ल्यांत असतो, वरनं दिसतच नाही. मासा फक्त अंग घासतो. काही दिवस तिथं खाऊन तो पोसतो, मग माशाला सोडून तळाला पडतो, तिथं स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. सापडला की पुन्हा तेच.

आता औषधाचं बघा. औषध लागतं ते फक्त पोहत असताना. माशाच्या कातडीत असताना लागत नाही, कवचात असताना लागत नाही. म्हणून एकदा औषध टाकलं, ठिपके गेले, बरं झालं असं म्हणून थांबलं की आठ दिवसांत दहापट होऊन परत येतात. ठिपके गेले म्हणजे ते तळाला पडलेत, एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात, पाणी कोमट असताना, हे चक्र चार-सहा दिवसांत फिरतं. थंडीत जास्त दिवस घेतं. टपात तीन-चार आठवडे ठेवलं की रोग असेल तर तो टपातच उघडा पडतो, आणि आपल्याला चार मासे सांभाळायचे असतात, चाळीस नाही.

टपातल्या माशाकडे रोज पाच मिनिटं नुसतं बसून बघा, सकाळी खाद्य घालायच्या वेळी. अंग घासतोय का. पंख अंगाला चिकटवून बसलाय का. वर येऊन धापा टाकतोय का. रव्यासारखे दाणे, कापसासारखी बुरशी, फुगलेलं पोट आणि विस्कटलेले खवले, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, यातलं काही दिसलं की तो दिवस पहिला धरून पुन्हा मोजायला सुरुवात. गप्पी-मोलीला खडेमीठ चांगलं मानवतं. एका लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 40 लिटर पाण्याला 80 ग्रॅम, पण एकदम नाही. मगभर पाण्यात विरघळवून तीन वेळा करून, दीड दिवसात. टपातलं पाणी आटलं तर साधं पाणी घाला, कारण वाफेबरोबर मीठ उडत नाही. पाणी काढून बदललं तरच तेवढ्यापुरतं मीठ. मिशावाल्या, तळाला राहणाऱ्या माशांना मात्र मीठ सोसत नाही, त्यांना विचारून-सवरून. ठिपके दिसलेच तर दुकानात त्याचं औषध मिळतं, बाटलीवर लिटरचं प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढंच आणि तितके दिवस. निळं औषध जुन्या टाकीत कधी ओतू नका, त्यानं विरजण मरतं. औषध टपात, टाकीत नाही.

आणि जाळी! टपाची जाळी वेगळी, टाकीची वेगळी. पाईप वेगळा. रोज आधी टाकीचं काम, मग टपाचं, उलटं नाही. माझी मागची टाकी मोलीनं नाही मारली, माझ्या ओल्या जाळीनं मारली. जाळी कडक उन्हात वाळवली की तो जीव मरतो, ओली ठेवली की राहतो. मी ती सिमेंटची टाकी पण रिकामी करून आठ दिवस उन्हात ठेवली होती.

आता मासा घरी आणल्याचा दिवस. इथं पण लोक घाई करतात, आणि काही जणी उलट फार रेंगाळतात. पिशवी बंद असताना आत मासा श्वास सोडतो, त्यानं पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात अमोनिया जरा बोथट राहतो. पिशवी उघडली, वारं लागलं, की आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विखारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच टपाच्या पाण्यावर 15-20 मिनिटं तरंगत ठेवा, सावलीत, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी एकाच गरमीचं होईल. मग उघडा. टपातलं अर्धी वाटी पाणी घाला, पाच मिनिटं थांबा, परत अर्धी वाटी. जवळच्या बाजारातनं आणला असेल तर हे अर्धा तास करा. माझ्यासारखा चार तास एसटीत हिंडवलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटांत आटपा. मग मासा जाळीनं उचलून टपात सोडा. पिशवीतलं पाणी टपात नको, टाकीत तर अजिबातच नको. ते झाडाच्या आळ्यात ओता. त्या दिवशी खायला देऊ नका, दिवा लावू नका, पोरांना काच वाजवू देऊ नका. एप्रिल-मे मध्ये तर मासा दुपारी आणूच नका. तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते, त्यात लाईट गेली आणि पंप बंद पडला तर संपलंच.

महिना झाला, मासा ठणठणीत आहे. टाकीत सोडायच्या दिवशी आतले दगड-झाडं थोडी इकडची तिकडं करा. जुन्या माशांनी कोपरे वाटून घेतलेले असतात. सगळ्यांनाच घर नवं वाटलं की भांडण कमी होतं. जुन्यांना आधी खायला घाला, संध्याकाळी दिवा मालवून नव्यांना सोडा. कोण कुणाबरोबर राहतं हे मात्र विकत घेतानाच बघा. ज्याच्या तोंडात जो मावतो त्याला तो खातो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी भांडणं वाचतात. फायटरचा नर दुसऱ्या नराजवळ नाहीच. गप्पीत एका नराला दोन-तीन माद्या, नाहीतर तो एकीच्याच मागं लागून तिला दमवतो. हसू नका, खरं सांगतेय.

(यानंतर सभेतल्या बायांनी प्रश्न विचारले. त्यांतले काही.)

*आरोग्य केंद्रातनं डासांसाठी गप्पी देतात. ते काचेच्या टाकीत चालतील का?*

चालतील, मासा तोच. पण ते उघड्या हौदातले असतात. त्यांनाही टप आहेच. कालव्यातनं किंवा धरणातनं आणलेली पाणवनस्पती असेल तर तीसुद्धा दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. तिच्याबरोबर गोगलगायी येतात, माशाला चिकटणारे किडे येतात.

*टाकीत फार झाले किंवा मोठे झाले तर उजनीत सोडले तर? पुण्यच लागेल.*

ताई, उजनीतच असं झालंय. टाकीची काच साफ करतो म्हणून लोक सकर मासा आणतात. बोटाएवढा असतो तेव्हा गोंडस. तो हातभर होतो, मग टाकीत मावत नाही. तो आज उजनीत कोळी भावांच्या जाळ्यात सापडतो. अंगाला काटेरी चिलखत, जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपण आवडीनं खातो ती चिलापी पण बाहेरचीच, आफ्रिकेतली, आणि आता धरणात तिचंच राज्य आहे. म्हणून टाकीतला मासा विहिरीत नाही, ओढ्यात नाही, धरणात नाही. जास्त झाले तर मला फोन करा, मी घेऊन जाते. मेलेला मासा मातीत खोल पुरा, गटारीत टाकू नका.

*आपल्याला त्यातनं काही रोग होतो का?*

ठिपक्यांचा होत नाही. पण हाताला चीर असेल, कोयत्याचं लागलेलं असेल, तर त्या हातानं टाकीत काम करू नका. त्या पाण्यातला एक जंतू जखमेत शिरला तर गाठी येतात, महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. काम झालं की साबणानं हात धुवा. आणि काम करायच्या आधी साबण लावला असेल तर तो चांगला धुऊन टाका.

*शेजारच्या ताईचं पुढं काय झालं?*

ती इथंच बसलीय, मागच्या रांगेत. सहा महिन्यांनी मी तिला 20 गप्पी नेऊन दिल्या. मी स्वतः महिनाभर टपात ठेवलेल्या, एक-एक तपासलेल्या. तिनं माझ्यासमोर पाण्याचा टप भरला, त्यात स्पंज टाकला आणि म्हणाली, "माझ्या टाकीत पुढच्या महिन्यात जातील." आणि ठेवल्या की तिनं महिनाभर. मी रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचे.

चहा आलाय. मी एक टप इथं आणलाय, त्या खिडकीपाशी ठेवलाय. त्यात परवा आणलेल्या मोली आहेत. तीन-तीन जणींनी या, सावकाश बघा. तीन नंबरची जी कोपऱ्यात आहे ती सकाळपासनं अंग घासतीय. नीट निरखून बघा, म्हणजे कसं दिसतं ते कळेल. हात मात्र पाण्यात घालू नका.